तारीख लिहिलेली काच

(बऱ्हाणपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला एक तडा होता. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपा वर छताला भिडलेला. मी आठवीत असताना गुरुजींनी आम्हा पोरांना तिथं नेलं, तड्यावर बोटभर रुंदीची काचेची पट्टी आडवी धरली, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिस लावून ती बसवली आणि खाली खिळ्यानं तारीख कोरली. "तडा जुना आहे की अजून चालतो आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, काचेला कळतं," एवढंच म्हणाले. काच पावसाळाभर टिकली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती मधोमध तडकलेली होती. गुरुजींनी ती काढून टाकली नाही. तिच्या शेजारी दुसरी लावली, खाली नवी तारीख कोरली, आणि शाळेच्या समितीला अर्ज दिला. त्या अर्जावर भिंतीला टेकू मिळाला.

पुढं मी स्थापत्य अभियंता झालो. इमारतींच्या सळया आणि रिंगा मोजण्यात आयुष्य गेलं. कोणताही आकडा समोर आला की गुरुजींचे दोन प्रश्न आजही कानात येतात: कुणी मोजलं? कधी मोजलं? आज अणुवीज प्रकल्पांच्या इमारती, भूकंप आणि न्यायालयं यांविषयी बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. परवानगी एका विशिष्ट इमारतीला, एका विशिष्ट जमिनीवर, त्या दिवशीच्या माहितीवर दिलेली असते. इमारत बदलली किंवा जमिनीविषयीची माहिती बदलली, तर ती परवानगी पुन्हा तपासायला हवी, आणि ती तपासणी ज्यांना त्या इमारतीच्या सावलीत राहायचं आहे त्यांच्यासमोर व्हायला हवी.

हे बऱ्हाणपुरात का बोलायचं? आपली तापी पश्चिमेला वाहते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या खचलेल्या पट्ट्यातून ती मुलताईहून खाली येते. नर्मदा, शोण आणि तापी यांच्या काठानं जमिनीच्या कवचात जो जुना भेगांचा पट्टा गेला आहे, त्याच्या अंगावर आपलं गाव वसलेलं आहे. 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात भूकंप झाला. त्याची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. माझी आजी तेव्हा नवी नवरी होती. फडताळातली पितळी भांडी एकमेकांवर आपटली आणि कुणी हात न लावता रांजणातलं पाणी काठावरून सांडलं, हे ती शेवटपर्यंत सांगायची. 2 जून 1927 रोजी याच पट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागात, शोण खोऱ्यात, साडेसहाचा धक्का बसला होता. 22 मे 1997 रोजी पहाटे जबलपूर हादरलं. खंडव्याकडची गावं 1990 नंतर अनेकदा लहान लहान धक्क्यांच्या मालिकांनी रात्र रात्र अंगणात झोपली, हे तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल.

हीच तापी राजघाटावरून पुढं जाते, खानदेश ओलांडते, उकाईच्या धरणात थांबते आणि तिथून काक्रापारला पोचते. काक्रापारला अणुवीज केंद्र आहे. तिथल्या 220 मेगावॅटच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या 1993 आणि 1995 मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. 700 मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या 2023 आणि 2024 मध्ये आल्या. वरच्या अंगाला, नर्मदेवर बरगी धरणाच्या काठी, मंडला जिल्ह्यात चुटका इथं 700 मेगावॅटच्या दोन भट्ट्यांचा प्रकल्प योजला आहे. 2013 मध्ये तिथली जनसुनावणी लोकांच्या विरोधामुळे दोनदा रद्द झाली आणि अखेर 17 फेब्रुवारी 2014 रोजी ती बंदोबस्तात घेतली गेली. बरगीच्या पाण्यानं एकदा उठवलेल्या लोकांवर पुन्हा उठण्याची पाळी येणार, हा तिथला पहिला प्रश्न. जबलपूर तिथून लांब नाही, हा दुसरा. एक नदी आपल्या दारातून वाहते, दुसरी सातपुड्याच्या पलीकडून, आणि दोन्ही त्याच भेगांच्या पट्ट्यातून.

मराठी माणसाला जमिनीनं दोनदा धडा दिला आहे. दख्खनचा काळा पाषाण घट्ट, तो हलत नाही, असं शाळेत शिकवलं जायचं. कोयनेचं धरण बांधताना भूकंपाचा आडवा जोर धरला होता तो वजनाच्या शंभरात पाच, म्हणजे 0.05. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर कोसळलं. सुमारे 180 माणसं गेली. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रावर धरणाला आडव्या दिशेनं नोंदलं गेलेलं त्वरण होतं गुरुत्वाच्या 0.49 पट. हे दोन आकडे एकाच तागडीत घालता येत नाहीत, हे अभियंता म्हणून मला सांगितलं पाहिजे. आराखड्यातला गुणांक आणि क्षणभराचं कमाल त्वरण या वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही, अंदाज आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर पडू शकतं ते त्यातून दिसतं. 103 मीटर उंचीचं ते धरण टिकलं, पण जिथं मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या उंचीवर आडवे तडे गेले. मग तडे भरले, वरून खाली ताणलेल्या पोलादी तारा घातल्या आणि मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. आपल्या भाषेच्या मुलखात भूकंपानंतर एखादं अजस्र बांधकाम कसं बदलावं लागतं, याचं हे सर्वांत मोठं उदाहरण आहे.

आणि 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जनाची रात्र सरली आणि पहाटे चारच्या आत किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मातीखाली गेली. तेव्हाच्या सरकारी नकाशावर तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये भारतीय मानकातून तो पहिला पट्टाच काढून टाकला. नकाशा चुकतो, कारण नकाशा म्हणजे त्या दिवसापर्यंत जमलेलं ज्ञान. चुकीबद्दल मी कुणाला दोष देत नाही. चूक कळल्यावर काय केलं, याचा मात्र हिशेब घ्यावा लागतो.

याच वाटेनं आपण जैतापूरला येतो. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या पठारावर, फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या उभारायच्या, प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या. 28 नोव्हेंबर 2010 रोजी 35 अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली इथल्या शेतकऱ्यांनी आणि साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विरोध केला. एप्रिल 2011 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार दगावला. भूकंपाचा वाद तेव्हा गावागावांत एकाच आकड्यावर चालायचा: झोन तीन की झोन चार? माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेला. झोनचा नकाशा घरं, शाळा, पूल यांच्यासाठी असतो. अणुप्रकल्पाला त्या जागेपुरता स्वतंत्र अभ्यास लागतो. 300 किलोमीटरच्या त्रिज्येतले भ्रंश, म्हणजे जमिनीतल्या भेगा, आणि जुने भूकंप तपासायचे, 5 किलोमीटरच्या आत हलू शकणारा भ्रंश असेल तर ती जागा सोडायची, आणि मग दोन भूकंप ठरवायचे. पहिला, प्रकल्पाच्या आयुष्यात येऊ शकेल असा. दुसरा, ज्याची शक्यता सुमारे दहा हजार वर्षांत एकदा धरतात तो. दुसऱ्या भूकंपात वीज तयार झाली नाही तरी चालेल, पण भट्टी बंद झाली पाहिजे, थंड राहिली पाहिजे आणि किरणोत्सर्ग बाहेर पडता कामा नये.

मग खरा प्रश्न असा होतो की दहा हजार वर्षांचा अंदाज कशाच्या आधारावर? नोव्हेंबर 2011 च्या 'करंट सायन्स'मध्ये विनोद गौर आणि रॉजर बिलहॅम यांचा जैतापूरवर लेख आला. त्यांचं म्हणणं संयमी होतं. जैतापूरखाली भूकंप होणारच, असं ते म्हणाले नाहीत. कोयना आणि किल्लारीच्या जमिनीत जो ताण आहे त्याच जातीचा ताण इथं आहे. कोकणातल्या जुन्या भूकंपांची नोंद तोकडी आहे. नोंद नाही म्हणजे भूकंप नाही, असं धरता येत नाही. शक्यता कमी असली तरी सहाच्या आसपासचा भूकंप अगदी जवळ होऊ शकतो, म्हणून जास्त अभ्यास करा, एवढंच. प्रकल्पाच्या बाजूनं उत्तर आलं की जागेजवळ सक्रिय भ्रंश नाही आणि अभ्यास झालेला आहे. काही भूकंपशास्त्रज्ञही गौर-बिलहॅम यांच्याशी सहमत नव्हते. शास्त्रात असा वाद व्हावा, तो निरोगी आहे. मला खंत आहे ती ही की तो वाद माडबनच्या माणसासमोर, त्याच्या भाषेत, दोन्ही बाजूंचे कागद टेबलावर ठेवून कधीच झाला नाही. मोर्चा झाला, लाठी झाली, गोळी झाली. सुनावणी म्हणावी अशी सुनावणी झाली नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे, इमारत बदलण्याकडे, वळतो, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. नगर निगमात नकाशा पास होतो एका मजल्याचा, आणि उभे राहतात तीन. किंवा नकाशात कॉलम एका जागी, आणि प्रत्यक्षात दुकानाचं शटर बसावं म्हणून तो दोन फूट सरकलेला. असे सरकलेले कॉलम मी माझ्या हातांनी खोदून पाहिले आहेत. एकदा एका जुन्या इमारतीचं प्लास्टर काढलं, तर बीमच्या टोकाला, जिथं रिंगा सर्वांत दाट हव्यात, तिथं दोन रिंगांमध्ये माझा पंजा आरपार गेला. नकाशात तिथं चार-चार इंचांवर रिंगा काढलेल्या होत्या. तो नकाशा खोटा नव्हता, फक्त तो त्या इमारतीचा राहिला नव्हता.

हेच जर्मनीत एका अणुप्रकल्पाच्या बाबतीत घडलं. ऱ्हाइन नदीच्या काठी, जुन्या ज्वालामुखींच्या मुलखात, म्यूलहाइम-केर्लिख हे ठिकाण आहे. जवळचा लाखर सी ज्वालामुखी सुमारे 13,000 वर्षांपूर्वी फुटला होता. 1975 मध्ये प्रकल्पाची पहिली अंशतः परवानगी मिळाली. लक्षात आलं की नेमक्या जागेखालून जमिनीतला भ्रंश जातो. मग अणुभट्टीची इमारत 70 मीटर सरकवली, इमारतींची जुळणी बदलली आणि काम चालू ठेवलं. भ्रंश टाळण्यासाठी इमारत सरकवली, यात अभियंत्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. मीही कदाचित सरकवलीच असती. पण सरकवल्यानंतर जुन्याच कागदावर बांधत राहिले, नवी पुरती तपासणी आणि नवी सुनावणी न होता. आसपासच्या रहिवाशांनी दावे लावले. 1979 मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानं एका रहिवाशाची तक्रार फेटाळली, पण तिथंच एक तत्त्व मांडलं: परवानगीच्या प्रक्रियेत लोकांचं म्हणणं ऐकून घेण्याचे नियम हे माणसाच्या जिवाच्या रक्षणाचाच भाग आहेत. खटले चालू राहिले आणि बांधकामही. 1987 च्या ऑगस्टपासून सुमारे 1300 मेगावॅटचा हा प्रकल्प नियमित वीज देऊ लागला. 9 सप्टेंबर 1988 रोजी संघीय प्रशासकीय न्यायालयानं 1975 ची ती पहिली परवानगीच रद्द केली. बदललेल्या इमारतीची त्या जमिनीवर तपासणी झालेलीच नाही, हे मूळ कारण. त्याच दिवशी भट्टी बंद झाली. पुढं नवी परवानगी दिली गेली, तीही भूकंपाचा धोका नीट न तपासल्याच्या कारणावरून न्यायालयात पडली, आणि 1998 मध्ये शेवटचा निकाल लागला. ती भट्टी पुन्हा कधीच सुरू झाली नाही. तिचा शीतकरण मनोरा 2019 मध्ये पाडला. अब्जावधी मार्क आणि जेमतेम तेरा महिन्यांची वीज. पैसा वाया गेला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी म्हणतो, तो निकालामुळे गेला नाही. 1975 नंतर वेळेवर जे विचारलं गेलं नाही, त्यामुळे गेला.

अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात ट्रोजन नावाचा 1130 मेगावॅटचा प्रकल्प होता. तिथली गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिथं घटना घडली ती हिशेबात. 1978 मध्ये उघड झालं की नियंत्रण इमारतीच्या भिंती भूकंपाचा आडवा जोर जेवढा पेलतील असं आराखड्यात धरलं होतं, तेवढा त्या पेलत नाहीत. ज्या खोलीत बसून भट्टी बंद करायची, जिथून सगळ्या केबल जातात, ती ही इमारत. प्रकल्प दोन वर्षांपासून चालू होता. मग अणुसुरक्षा आणि परवाना मंडळासमोर सुनावणी झाली. राज्य सरकार त्यात पक्षकार होतं, विरोधी नागरिकांचे गट होते, अभियंत्यांची उलटतपासणी झाली. मंडळानं प्रश्न दोन टप्प्यांत वेगळे केले: दुरुस्ती होईपर्यंत मध्यंतरी भट्टी चालवू द्यायची का? आणि कोणती दुरुस्ती पुरेशी? पहिल्या टप्प्याचा निकाल 1978 च्या डिसेंबरात लागला, महिनोन्‌महिने बंद असलेली भट्टी अटींसह सुरू झाली. इमारत मजबूत करण्याच्या आराखड्याला मंजुरी मिळाली ती 1980 मध्ये. निकाल नागरिकांच्या बाजूनं लागला असं नाही. पण भिंतीची ताकद किती, कोणत्या सूत्रानं काढली, कुणी काढली, हे शपथेवर विचारलं गेलं आणि शपथेवर सांगितलं गेलं. त्याच काळात कॅलिफोर्नियात डायब्लो कॅन्यन प्रकल्पाला परवाना मिळून काही दिवस होत नाहीत तोच एका तरुण अभियंत्याच्या लक्षात आलं की दोन भट्ट्यांचे नकाशे आरशातल्यासारखे उलटे असताना एकीच्या भूकंप-आधारांचा हिशेब दुसरीच्या नकाशावरून झाला आहे. 1981 च्या नोव्हेंबरात परवाना स्थगित झाला. त्या तरुणाच्या हातातही एक काचेची पट्टीच होती, असं मला वाटतं.

आपल्याकडे मध्यंतरी चालवू द्यायचं का, हाच प्रश्न कूडनकुळम अणुप्रकल्पाच्या खटल्यात आला. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या समितीनं तिथं 17 सुधारणा सुचवल्या होत्या. याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की आधी सुधारणा, मग भट्टी. मद्रास उच्च न्यायालयानं 31 ऑगस्ट 2012 रोजी याचिका फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. दीपक मिश्र यांच्या पीठानं 6 मे 2013 रोजी प्रकल्पाला वाट दिली, सोबत 15 निर्देश दिले. तांत्रिक निर्णय तज्ज्ञांचा, आम्ही त्यात पडणार नाही, ही न्यायालयाची भूमिका मला समजते. न्यायाधीशांनी सळया मोजाव्यात अशी अपेक्षा नाही. पण तज्ज्ञ मंडळ स्वतंत्र आहे का, हे तर न्यायालयाच्या कक्षेत येतं. 1983 मध्ये सरकारी आदेशानं स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ ज्या आयोगाला उत्तरदायी, त्याच्या अध्यक्षपदी अणुऊर्जा विभागाचे सचिवच असत. या मंडळाला कायद्याचं स्वतःचं बळ नाही, असं महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं. मोजणारा आणि बांधणारा एकाच घरचे असतील, तर गुरुजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अडतं.

आणि काक्रापार. जून 1994 मध्ये मुसळधार पावसात तिथल्या टर्बाइनच्या इमारतीत पुराचं पाणी शिरलं. आपल्या खोऱ्यातल्या प्रकल्पाची ही गोष्ट बऱ्हाणपुरात किती जणांनी ऐकली? तिथल्या एका कर्मचाऱ्यानं गुजराती वर्तमानपत्राला पत्र लिहून ती बाहेर सांगितली. त्याच्यावर चौकशी बसली, नोकरी गेली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बडतर्फी कायम ठेवली. शिस्तीचा नियम काय सांगतो ते मी जाणतो. पण काच तडकल्याचं सांगणाऱ्याला घरी पाठवलं, तर पुढचा तडा कोण दाखवणार, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

अणुवीज नको, असं सांगायला मी इथं उभा नाही. माझ्या घरातला दिवाही जाळ्यातल्या विजेवर जळतो आणि तिच्यात अणुवीज आहेच. फुकुशिमानंतर देशातल्या सगळ्या प्रकल्पांची फेरतपासणी झाली, तिचे काही अहवाल बाहेर आले, ही चांगली गोष्ट आहे. मला काक्रापारबद्दल चार गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. तिथल्या जमिनीचा भूकंप-अभ्यास शेवटचा कधी झाला. कुणी केला. जुन्या दोन भट्ट्या आखताना धरलेला भूकंप, 1993 चं किल्लारी आणि 1997 चं जबलपूर यांच्यानंतर पुन्हा तपासला का. आणि तपासला असेल तर कोणत्या इमारतीत, कोणत्या भिंतीत, काय बदललं. नव्या भट्ट्यांबद्दलही हेच.

माहितीच्या अधिकाराखाली हेच विचारणारा अर्ज मी मराठीत आणि हिंदीत तयार केला आहे. प्रती मागच्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. नाव, पत्ता आणि तारीख यांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, आणि दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर कशी जोडायची तेही मागच्या पानावर लिहिलं आहे.